अधिक एक

"पाच एक्स वाय. कंसात तीन एक्स अधिक दोन वाय," मी सांगितलं.

जुबेदाचं पेन कुरकुरत गेलं आणि थांबलं.

"एवढंच?" तिनं हळूच विचारलं.

"एवढंच. कंस पूर्ण कर आणि पुढचं गणित वाच."

तिनं कंस पूर्ण केला, पण पुढचं गणित वाचलं नाही. तेवढ्यात खिडकीपाशी उभे असलेले वाळिंबे सर आमच्याकडे यायला निघाले. त्यांच्या एका चपलेचा अंगठा सैल झालेला असावा. एक पाऊल नीट पडायचं आणि दुसरं फरशीवरून घासत यायचं. पेपर सुरू झाल्यापासून तो आवाज खोलीभर फिरत होता. आता तो आमच्या बाकाशी येऊन थांबला.

"काय म्हणाली ही तुला?"

"एवढंच का, असं विचारलं," मी म्हणाले.

"म्हणजे अजून काहीतरी आहे, असंच ना?"

"म्हणजे वाक्य संपलं का, सर. लिहिणाऱ्याला विचारावं लागतं."

आमच्यासमोरची उत्तरपत्रिका त्यांनी ओढून घेतली, तेव्हा खालच्या लाकडी पाटाची कड माझ्या बोटांना लागली.

दहावीच्या बोर्डाचा बीजगणिताचा पेपर होता तो. मी आंधळी. अंध, दृष्टिहीन असे शब्द लोक माझ्यासाठी जपून वापरतात, मी आंधळी म्हणते, लवकर आटपतं. चार वर्षांची असताना गोवर डोळ्यांत उतरला. सातवीपर्यंत सांगलीच्या अंधशाळेत होते आणि आठवीपासून विट्याच्या साध्या शाळेत, डोळसांच्या वर्गात. आमच्यासारख्यांना दहावीला बीजगणित आणि भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित घ्यायची सवलत होती. माझ्याआधीच्या सगळ्यांनी ती घेतली होती. मी घेतली नाही. हेडमास्तरांनी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शाळेत बोलावून समजावलं होतं की पोरीचं वर्ष जाईल आणि शाळेचा निकालही खाली येईल. दादा मागांवर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. ते घरी येऊन एवढंच म्हणाले, "मी काही सांगणार नाही. तू ठरव." मी बीजगणितासकट फॉर्म भरला.

खरं सांगायचं तर मला बीजगणित आवडायचं, आणि त्यातही सामाईक अवयव काढणं सगळ्यात जास्त. वर्गातल्या मुली अवयव पाडायच्या ते प्रश्नात तसं सांगितलेलं असायचं म्हणून. मी पाडायचे ते ओझं कमी करायला. त्यांची राशी कागदावर असायची. माझी डोक्यात. पाच-सहा पदांची लांबलचक राशी डोक्यात धरून ठेवणं म्हणजे हातात पाण्याच्या घागरी घेऊन उभं राहण्यासारखं. पण प्रत्येक पदात जे असेल ते शोधून एकदाच बाहेर काढून ठेवलं की आत जरासंच उरतं. तेवढं धरून ठेवायला काही लागत नाही. वर्गात बाई फळ्यावर लिहीत लिहीत राशी मोठ्यानं वाचायच्या, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत माझं उत्तर तयार असायचं.

जुबेदा शेजारच्या मोमीन चाचांची मुलगी. आमच्यासाठी उत्तरं लिहून काढणाऱ्याला लेखनिक म्हणतात. तो परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या वर्गातला असावा लागतो. जुबेदा आठवीत होती, अक्षर मोत्यासारखं होतं असं सगळे म्हणायचे, आणि वर्षभर रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून तीच मला पुस्तक वाचून दाखवायची. मागे चाचांचे माग खडखडत असायचे, त्यामुळे आम्हा दोघींना ओरडून बोलायची सवय लागली होती. चाचा मात्र आधी तयार नव्हते. बोर्डाचं काम, त्यात पोरीच्या हातून काही झालं तर तिचंच शिक्षण बसायचं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं होतं की जुबेदाला काही होऊ देणार नाही. दादांनी नाही, मी सांगितलं होतं.

आम्ही दोघी मोठ्यानं बोलणार म्हणून आम्हाला परीक्षेचं केंद्र असलेल्या दुसऱ्या शाळेच्या प्रयोगशाळेत वेगळं बसवलं होतं. खोलीत ॲसिडचा आणि जुन्या लाकडाचा वास. तिसरे फक्त वाळिंबे सर.

ते माझी पानं उलटत होते.

"ही सगळी पानं तू सांगितलीस? तोंडी?"

"हो, सर."

"माझ्या वर्गात धडधाकट डोळ्यांची पोरं आहेत. त्यांना फळ्यावर बघून जमत नाही."

"त्याला मी काय करू, सर?"

हे बोलायला नको होतं, असं नंतर पुष्कळांनी मला सांगितलं. मला अजून तसं वाटत नाही.

वाळिंबे सरांनी शिपायाला हाक मारून केंद्रसंचालकांना निरोप धाडला. परीक्षेच्या त्या केंद्राचा सगळा कारभार ज्यांच्याकडे होता ते जगदाळे सर आले. त्यांचा आवाज मऊ होता. मला तो वाळिंब्यांच्या आवाजापेक्षा जड गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग शिपाईबाईंना बोलावून जुबेदाची झडती घ्यायला लावली. बाईंनी तिची कंपासपेटी बाकावर उपडी केली. कर्कटक, गुण्या, खोडरबर, सगळं खडखडत पडलं. कर्कटकाची गरज बीजगणिताला नव्हती, पण ती आवडीनं सोबत आणायची. बाह्या वर करायला लावल्या, मोजे काढायला लावले. सापडण्यासारखं काही नव्हतंच. मोजे परत घालताना जुबेदानं माझ्या खांद्यावर हात टेकवला, तोल सांभाळायला.

जगदाळे सर माझ्याशेजारी स्टूल ओढून बसले.

"हे बघ बाळ, ही मुलगी तुला उत्तर सुचवत होती असं सर म्हणतात. हे मी वर कळवलं तर तुझा पेपर तर जाईलच, पण तिच्यावरही ठपका येईल. तिच्या शाळेला कळेल. पुढे तिची दहावी आहे. तुम्हा दोघींचं नुकसान कशाला? तू असं कर, तब्येत बरी नाही म्हणून पेपर सोडते असा अर्ज दे. ऑक्टोबरला सातवीचं अंकगणित देऊन टाक. तुमच्यासाठी ती सवलत आहेच ना?"

"सवलत आहे, सर. सक्ती नाही."

"मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

"मग माझा पेपर मला परत द्या."

ते उठले. मग त्यांनी आणि वाळिंब्यांनी दारापाशी जाऊन काहीतरी ठरवलं आणि जुबेदाला बाहेर व्हरांड्यात नेलं. खिडक्या उघड्या होत्या. मार्च महिना होता, पंखा बंद. मला शब्दन् शब्द ऐकू येत होता, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. किंवा आलंही असेल.

वाळिंबे सर तिला सांगत होते की तू फक्त एवढं लिहून दे, मी उत्तरं सांगितली म्हणून. तू लहान आहेस, तुला कोणी काही करणार नाही, जे होईल ते तिला होईल. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी आवाज चढवून. अब्बांना बोलावून घेऊ का, असंही विचारलं.

मग मी तिचा आवाज ऐकला. रडवेला होता, पण मोठा होता, मागांच्या खडखडाटात बोलायची सवय असलेला.

"मी कुंदाताईचं लिहायला आलेय, सर. तुमचं नाही."

तेरा-चौदा वर्षांची मुलगी. मी उभी राहिले. बाक चाचपत दारापर्यंत गेले. तिथे कुठल्याशा कपाटाचा कोपरा गुडघ्याला लागला आणि आत बाटल्या किणकिणल्या.

"सर," मी म्हणाले, "या शाळेत बीजगणित शिकवणारे कुणी असतील तर त्यांना बोलवा. जुबेदाला बाहेरच राहू दे. मला तोंडी गणितं घाला, मी तोंडी उत्तरं देते. चुकले तर तुम्हाला जे लिहायचं ते मीच सांगेन आणि त्याच्याखाली सही करेन."

"परीक्षा चालू असताना अशी परीक्षा घेता येत नाही," जगदाळे सर म्हणाले.

"परीक्षा चालू असताना मोजे काढायला लावता येतात?"

शेजारच्या वर्गांतून पानं उलटल्याचे आवाज येत होते. तिथे शेकडो मुलं आपापली गणितं सोडवत होती आणि माझं पेन बंद होतं.

"तुझाच वेळ जाईल," जगदाळे सर म्हणाले.

"जातोच आहे."

मला वाटतं, त्यांनाही हे प्रकरण वर जायला नकोच होतं. आंधळ्या मुलीवर कॉपीची केस केली तर वर्तमानपत्रात येईल, अशी धास्ती त्यांना वाटली असावी. त्यांनी शिपायाला पाठवलं आणि तोडकर सर आले. ते त्याच शाळेत गणित शिकवायचे. हातांना खडूचा वास आणि तोंडात लवंग. त्यांना काय झालंय ते थोडक्यात सांगितलं गेलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग माझ्यासमोर येऊन म्हणाले, "नाव काय तुझं?"

"कुंदा सावर्डेकर."

"घाबरलीस का, कुंदा?"

"नाही. चिडलेय."

"चिडून गणित चुकतं."

"बघू या."

त्यांनी दोन गणितं अगदी सोपी घातली. ती मी त्यांचं बोलणं संपताक्षणी सांगून टाकली. मग ते जरा थांबले आणि सावकाश म्हणाले, "आठ ए घन बी, वजा बारा ए वर्ग बी वर्ग, अधिक चार ए वर्ग बी."

तीन पदं. आकड्यांत आठ, बारा, चार, म्हणजे चार सगळ्यांत आहे. ए निदान दोनदा सगळ्यांत, बी निदान एकदा. "चार ए वर्ग बी बाहेर," मी म्हणाले. "कंसात दोन ए, वजा तीन बी..."

आणि मी अडखळले.

"बघा," वाळिंबे सर म्हणाले. "पोरगी बाहेर गेली आणि गाडी अडकली."

"...अधिक एक," मी म्हणाले.

"अधिक एक कुठून आला?" तोडकर सरांनी विचारलं. आवाजावरून कळत होतं की त्यांना ठाऊक आहे, माझ्या तोंडून ऐकायचंय.

"शेवटचं पद पूर्णच बाहेर गेलं. पण म्हणून आत काहीच उरत नाही असं नाही. चार ए वर्ग बीला चार ए वर्ग बीनं भागलं की एक. तो लिहिला नाही तर कंस उलगडताना ते पद परत येणारच नाही."

"मग अडखळलीस का?"

"दुसरं काही आठवलं, सर."

हे खरं होतं. काय आठवलं ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. वाळिंबे सर म्हणत होते की ही उदाहरणं पुस्तकात असतात, पाठ केली असतील. तोडकर सरांनी लवंग चावली.

"बरं, हे एक घे. पुस्तकात नाही, आत्ता मनानंच घालतोय. नऊ एम वर्ग, अधिक सोळा एन वर्ग, अधिक पंचवीस. सामाईक काढ."

मी ती राशी आतल्या आत फिरवून पाहिली. नऊ, सोळा, पंचवीस. तिन्ही वर्ग, म्हणून काहीतरी सापडेल असं वाटतं. पण नऊचे अवयव सोळात नाहीत, सोळाचे पंचविसात नाहीत, आणि एम एकाच पदात, एन एकाच पदात.

"यातून बाहेर काढण्यासारखं काही नाही," मी म्हणाले. "आहे तसंच राहू द्या."

"नक्की?"

"नक्की. एक सोडला तर काही सामाईक नाही. कितीदाही विचारा."

तोडकर सर हसले असावेत, लवंगेचा वास एकदम जवळ आला. ते जगदाळ्यांना म्हणाले, "हिला पेपर द्या, साहेब. हे पाठ करून येत नाही." वाळिंबे सर काहीतरी पुटपुटले. जगदाळे सरांनी त्यांना दुसऱ्या वर्गावर जायला सांगितलं आणि राहिलेल्या पेपरासाठी तोडकर सरच आमच्या खोलीत थांबले. सैल अंगठ्याची चप्पल व्हरांड्यातून घासत लांब गेली.

"माझा गेलेला वेळ?" मी विचारलं.

"त्याची नियमात तरतूद नाही, बाळ," जगदाळे सर म्हणाले.

"झडतीची होती?"

ते निघून गेले. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

जुबेदा आत आली, माझ्या शेजारी बसली. नाक ओढलं, पेनाचं टोपण काढलं. उत्तरपत्रिका समोर आली होती. मला वाटलं होतं ती लगेच पुढचं गणित वाचेल. तिनं तसं केलं नाही. तिनं आधी एक पान मागे उलटलं, आणि पेन हातात धरून थांबली.

ती कशासाठी थांबली होती ते मला चांगलं ठाऊक होतं.

सकाळी जे गणित सांगताना हे सगळं सुरू झालं, त्यात राशी होती, पंधरा एक्स वर्ग वाय, अधिक दहा एक्स वाय वर्ग, अधिक पाच एक्स वाय. मी पाच एक्स वाय बाहेर काढलं आणि कंसात तीन एक्स अधिक दोन वाय सांगून मोकळी झाले. शेवटच्या पदाचा एक राहून गेला होता. वर्षभर मला वाचून दाखवता दाखवता जुबेदाला माझ्याइतकंच बीजगणित यायला लागलं होतं. तिला तो एक दिसला नाही, म्हणून तिच्या तोंडून नकळत गेलं, "एवढंच?" वाक्य संपलं का, असं विचारत नव्हती ती. वाळिंबे सरांनी ऐकलं ते बरोबरच ऐकलं होतं.

मला ते तेव्हा कळलं नव्हतं. घाई होती, गुर्मीही होती. मला कळलं ते तोडकर सरांचं आठ ए घन बी सोडवताना. तिथे माझ्या तोंडी एक आला आणि इथे कागदावर तो नव्हता.

आता जुबेदा वाट बघत होती. कंसात फक्त दोन चिन्हं घुसवायची होती, अधिकाचं आणि एकाचं. मी म्हटलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं. चूक मला आता आपली आपण समजली होती, असंही म्हणता आलं असतं. पण ते खरं होतं का? जुबेदानं विचारलं नसतं, हा सगळा गोंधळ झाला नसता, तर पुढे जाऊन मला माझी चूक सापडली असती का? मला सांगता येत नव्हतं. आजही येत नाही. आणि नुकतंच मी चार माणसांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं की या पेपरात जे आहे ते माझं आहे.

"पुढचं वाच," मी म्हणाले.

"ताई..."

"जुबेदा, पुढचं वाच."

तिनं पान पुढे उलटलं. ते जरा जोरातच उलटलं.

राहिलेला पेपर आम्ही धावत लिहिला. ती वाचत होती, मी सांगत होते, पेन थांबत नव्हतं. एकदाही तिनं काही विचारलं नाही, मी चुकीचं सांगत असते तरी विचारलं नसतं. शेवटचं समीकरणांचं उदाहरण निम्मं झालं आणि घंटा झाली. दोन उपप्रश्न तसेच कोरे राहिले.

तोडकर सर उत्तरपत्रिका घ्यायला आले. त्यांनी ती लगेच बांधली नाही. पुरवण्या मोजल्या, पानं चाळली, आणि एके ठिकाणी थांबले. मी ओळखलं कुठे. मग ते माझ्या कानाजवळ वाकले.

"कुंदा, दुसरा प्रश्न, तिसरं गणित. शेवटचं पद बघ."

"माहीत आहे, सर. एक राहिलाय."

"मग सांग की तिला. एवढंसं तर आहे. मी दोरा ओवेपर्यंत होऊन जाईल."

"नको."

"अगं, तुला येतं. मघाशी मला सांगितलंस. उगीच मार्क घालवू नकोस."

"तिनं एक शब्द विचारला तर तुमच्या लोकांनी तिची कंपासपेटी उपडी केली, सर. तुम्ही तर प्रश्नाचा नंबरसुद्धा सांगताय. तुमची झडती कुणी घ्यायची?"

ते सरळ उभे राहिले. मला वाटलं, चिडले. भला माणूस होता, त्या दिवशी तेवढा एकच माझ्या बाजूनं उभा राहिला होता, आणि मी त्यालाच बोलले होते. पण बोललेलं मागे घ्यावं असं मला वाटलं नाही. पुरवण्यांच्या भोकांतून दोरा ओढल्याचा आवाज आला. मग त्यांनी गाठ मारली.

"बांधली," ते म्हणाले. "आता मीही काही करू शकत नाही."

"बरं झालं."

"भूमितीच्या पेपरला मीच येतो या खोलीवर. मागून घेतो ड्यूटी."

बाहेर पडलो तेव्हा फाटकापाशी मुलांचा गलका होता. कुणाचं उत्तर कुणाशी जुळतंय ते चाललं होतं. जुबेदानं माझा हात धरला नाही, मला तिचा दंड धरायला दिला, नेहमीसारखा. बाजार ओलांडला, मागांची गल्ली सुरू झाली, खडखडाट वाढत गेला, तेव्हा कुठे ती बोलली.

"माझ्यामुळे तुझे मार्क गेले."

"चूक मी केली. तू नाही."

"मग दुरुस्त का करू दिली नाहीस? तुला आलं होतं की. मी खिडकीतून ऐकलं. अधिक एक म्हणालीस."

मी तिला सांगितलं. जे वर लिहिलंय तेच, पण ओरडून, कारण दोन्ही बाजूंनी माग चालू होते. तिनं ऐकलं आणि ती उलट माझ्यावरच चिडली. म्हणाली, मी तिकडे व्हरांड्यात रडत उभी होते, लिहून दिलं नाही, ते कशासाठी? तुझा पेपर पूर्ण व्हावा म्हणून ना? आणि तू आत बसून आपल्या हातानं मार्क टाकून दिलेस.

"टाकून दिले नाहीत," मी म्हणाले. "ते माझे नव्हतेच."

"आणि आपण तो एक लिहून गप्प बसलो असतो तर?"

"तर त्यांनी आपल्याला जे म्हटलं ते खरं झालं असतं. मला ते खरं करून द्यायचं नव्हतं."

मग ती म्हणाली, "अब्बांना सांगायचं का?"

"मी सांगते. सगळं सांगते."

सांगितलं. मोमीन चाचांनी माग बंद करून ऐकून घेतलं. मोज्यांचं ऐकल्यावर त्यांचा श्वास जोरात चालायला लागला. मला वाटलं आता ते भूमितीच्या पेपरला जुबेदाला पाठवायचे नाहीत, आणि पाठवलं नसतं तर मी त्यांना दोष दिला नसता. सगळं ऐकून झाल्यावर ते तिला म्हणाले, "परवा मीच सोडायला येतो. फाटकाबाहेर बसून राहीन. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारू दे." आणि माग परत चालू केला.

भूमितीच्या दिवशी ते सायकलवर आले, फाटकाबाहेर पेपर संपेपर्यंत बसले. कुणी काही विचारायला गेलं नाही.

बीजगणितात मला पंचाहत्तरपैकी अठ्ठावन्न मिळाले. जिल्ह्यात बीजगणित घेऊन पास झालेली मी पहिलीच आंधळी मुलगी, असं हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं. त्यात शाळेच्या मार्गदर्शनाचा उल्लेख होता. मी स्टेजवर जायला नकार दिला. पुढे गणित घेऊनच बी. ए. केलं आणि आता इतकी वर्षं सांगलीला शिकवते. वाळिंबे सर मला परत कधी भेटले नाहीत. तोडकर सरांचं दरवर्षी दिवाळीला कार्ड यायचं, ते मला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागायचं.

जुबेदाची दहावी दोन वर्षांनी झाली. तेव्हा मी कॉलेजच्या वसतिगृहात होते. निकालाच्या दिवशी तिनं गावातल्या एकुलत्या एक टेलिफोन बूथवरून वसतिगृहाच्या ऑफिसात फोन लावला. रेक्टरबाई मला बोलावून घेऊन गेल्या. पलीकडून मागे रिक्षांचे हॉर्न, माणसांची रांग, आणि त्या सगळ्यावरून ओरडणारी ती.

"बीजगणितात बहात्तर!"

"शाबास. आणि भूमितीत?"

"ते नंतर सांगते. ताई, ते वाळिंबे सर कधी भेटले तर सांग. सगळी गणितं मीच सोडवली. कुणाला शंका असली तर म्हणावं, बोलवा. मोजे घालूनच येते."